काटेरावाशी गाठ

मास्तर शाळेतले नव्हते. ते मोटार शिकवायचे. शिकणारा स्टिअरिंगला लटकलेला, शेजारच्या सीटवर मास्तर, आणि त्यांच्या पायाखाली एक जादा ब्रेक, असा त्यांचा दिवस जायचा. ‘हळू’, ‘थांबा’, ‘आधी आरशात बघा’ हे सांगून सांगून घशाला कोरड पडायची. दिवसभर ब्रेकवर पाय ठेवून बसलेल्या माणसाच्या अंगात संध्याकाळी वारं शिरतं. मास्तरांच्या अंगात ते गेम हातात घेतला की शिरायचं.

गेम होता राक्षस पाळायचा. रानावनांत हिंडून चित्रविचित्र प्राणी पकडायचे, त्यांना खाऊपिऊ घालून तयार करायचं, आणि त्यांच्या जोरावर आणखी मोठे प्राणी पकडायचे. हे खूळ घरात आणलं मास्तरांच्या मेव्हणीनं. ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. मागं एकदा सासूबाईंचा घोटा मोडला आणि त्या पलंगाला खिळल्या, तेव्हा तिनं आपला जुना गेम आईच्या हातात दिला. तेवढाच विरंगुळा. सासूबाईंनी उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली. कानाला हेडफोन लावून एकाच वेळी डझनभर तापट माणसांना ‘थांबा हं, जोडते’ म्हणणारी बाई. तिला हे राक्षस म्हणजे किस झाड की पत्ती. घोटा सांधला, गेम मात्र हातातून सुटला नाही. मग बायकोला लागण झाली आणि शेवटी मास्तरांना. आता रविवारी दुपारी चौघं सासूबाईंच्या बैठकीत जमायचे. खाली टायरचं दुकान रविवारी बंद असायचं, त्यामुळे शांतताही असायची.

त्या महिन्यात त्यांची गाठ काटेरावाशी पडली होती. म्हणजे गेममधलं त्याचं नाव वेगळंच होतं, पण ते उच्चारताना सासूबाईंची जीभ अडखळली आणि त्यांनी तिथल्या तिथं त्याचं बारसं करून टाकलं. काटेराव हे एक घराएवढं साळिंदर. गुहेत बसायचं. एकट्यादुकट्याला दाद द्यायचं नाही, चौघांनी मिळूनच लढायचं. पण अडचण अशी, की जो त्याला मारेल त्याच्याच अंगात त्याचे काटे घुसायचे. आणि चौघांपैकी कुणाचाही प्राणी आडवा झाला, की वरच्या वेळेच्या पट्टीतला मोठा लचका तुटायचा. पट्टी संपली की काटेराव चौघांनाही गुहेबाहेर फेकून द्यायचा. एवढं कमी होतं म्हणून की काय, लढाई अर्ध्यावर आली की तो अंगाभोवती काचेची ढाल उभी करायचा. मग कितीही मारा, त्याला गुदगुल्यासुद्धा होत नसत.

बायकोकडे एक दणकट कासव होतं. मेव्हणीकडे एक कावळा, जो समोरच्याच्या कानाशी किरकिर करून त्याची कातडी मऊ करायचा. सासूबाईंची होती एक गुबगुबीत आळंबी. ती कुणाला मारायची नाही. जखमांवर फुंकर घालायची आणि दुसऱ्याला बळ द्यायची. मास्तरांचा होता भडकू, आगीचा कोल्हा. त्याच्या एका तडाख्यात भल्याभल्यांची राख व्हायची.

लढाई सुरू झाली रे झाली, की भडकू सुसाट सुटायचा. काटेरावावर झडप, अंगभर काटे, आडवा. पट्टीचा लचका गेला. उठला, पुन्हा झडप, पुन्हा आडवा. आणखी एक लचका. बाकीच्या तिघी आपापली कामं नीट करत असायच्या, पण ढाल हटण्याच्या आतच सगळे गुहेबाहेर. दर वेळी सासूबाई चष्मा पुसत म्हणायच्या, “थोडक्यात हुकलं हं.” मेव्हणी म्हणायची, “नेट स्लो असेल.” बायको काहीच म्हणायची नाही. आणि मास्तरांना मनापासून वाटायचं, की भडकूला अजून थोडं तयार केलं पाहिजे.

काटेराव त्या रविवारी संध्याकाळपर्यंतच गुहेत राहणार होता. मग गेम त्याला उचलून दुसरं कुणीतरी आणून ठेवणार. म्हणून त्या दिवशी जेवणं भराभर उरकली. मास्तर हात धुऊन मागच्या गॅलरीत गेले, कारण एका शिकणाऱ्या बाईंना उद्याची वेळ बदलून हवी होती. फोन झाला. ते आत वळणार, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायकोचा आवाज आला.

“पाळणाघरात असा एक असतोच,” ती भांडी विसळत सांगत होती. ती पाळणाघर चालवायची. “बस म्हटलं की उभा राहणारा. त्याला मी दाराचा राजा करते. दारात उभं राहायचं आणि कोण येतंय ते मला सांगायचं. तासभर जागचा हलत नाही.”

“पण भावोजींना काय सांगायचं?” मेव्हणीचा आवाज.

“राखीव सेनापती. अगदीच गरज पडली तर उतरायचं, तोवर मागं थांबायचं. गरज पडूच द्यायची नाही.”

“अगं, वाईट वाटेल त्यांना,” सासूबाई म्हणाल्या. “जावई आहेत.”

“कळणारच नाही त्याला.”

मास्तरांचे कान तापले. ते वाळत घातलेल्या चादरीमागं तसेच उभे राहिले. आधी राग आला. मग एकेक लढाई डोळ्यांपुढून सरकायला लागली आणि राग कुणावर काढावा ते कळेना. डोकं दुखतंय सांगून घरी निघून जावं, असं ठरवून ते बैठकीत आले. एका पायात बूट चढवलासुद्धा. समोर सोफ्यावर चौघांचे गेम ओळीनं चार्जिंगला लावले होते. त्यांचा नारिंगी कव्हरचा. सासूबाईंनी त्याची वायर सगळ्यात आधी लावली होती, कारण त्याची बॅटरी लवकर उतरते हे त्यांना ठाऊक होतं.

मास्तर एका पायात बूट तसाच ठेवून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

“राखीव सेनापतीनं नेमकं उभं कुठं राहायचं?” त्यांनी विचारलं.

नळ वाहत राहिला. मेव्हणीनं उगाचच एक कोरडी ताटली पुसायला घेतली. बायकोनं मास्तरांच्या पायातला बूट पाहिला आणि तिचा चेहरा उतरला.

सासूबाईंनी नळ बंद केला. लग्न झाल्यापासून त्या जावयाशी जपून बोलत आल्या होत्या. भाजी खारट झाली का, एवढं विचारतानाही त्यांना संकोच वाटायचा. त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, “मास्तर, खरं सांगू? तुम्ही मरता.”

“आई,” बायको म्हणाली.

“थांब गं. सारखे मरता तुम्ही. आणि तुम्ही मेलात की आम्हा सगळ्यांचा वेळ जातो. पहिली बेल वाजली की लगेच ओरडणारी माणसं असायची आमच्याकडे लाइनवर. तसं होतं तुमचं.”

मास्तर काहीतरी सणसणीत बोलणार होते. पण सासूबाईंनी ते इतक्या काळजीनं सांगितलं होतं, जणू डॉक्टरांनी दिलेली बातमी त्याच पोचवत होत्या. मास्तरांना हसू फुटलं. मग मेव्हणीला फुटलं. शेवटी बायकोनंही ओल्या हातांनी तोंड झाकलं.

मास्तर स्टुलावर बसले, बूट काढला. “बरं, मी मरतो,” ते म्हणाले. “पण मेल्यावर मी काय करतो, माहितीय? काय करणार, बटणं चालत नाहीत. बघत बसतो. तुम्ही तिघी आपापल्या कामात असता. काटेरावाकडे नीट बघणारा मी एकटाच.”

“मग काय दिसलं?” सासूबाईंनी विचारलं.

“ढाल उभी करायच्या आधी तो दोनदा हुंगतो. पहिल्यांदा हुंगतो तेव्हा शेपटीकडचे काटे खाली पडतात. दुसऱ्यांदा हुंगतो तेव्हा पाठीवरचे सगळे. पार मांजरासारखा गुळगुळीत होतो. मग ढाल येते आणि काटे पुन्हा उभे.”

“म्हणजे दुसऱ्या हुंगण्याला मारलं तर काटे लागणार नाहीत?” मेव्हणीनं ताटली खाली ठेवली.

“लागायला असतील कुठं?”

“हे आधी का नाही बोललास?” बायकोनं विचारलं.

“मला वाटलं, तुम्हाला दिसत असेल.”

सासूबाईंनी ओट्यावरची तारेची घासणी उचलून जेवणाच्या टेबलाच्या मधोमध ठेवली. “हा काटेराव,” त्या म्हणाल्या. मिठाची बरणी झाली भडकू, पालथी वाटी झाली कासव, लिंबू पिळायचा चिमटा झाला कावळा. आळंबीसाठी काही सापडेना, म्हणून त्यांनी लसणाचा गड्डा घेतला. मग एक्स्चेंजमधल्या त्या जुन्या, शांत आवाजात त्यांनी एकेकाला कामं वाटून दिली. कासवानं पुढं राहून काटेरावाचा मार झेलायचा. कावळ्यानं किरकिर करून त्याची कातडी मऊ करायची. आळंबीनं सगळं बळ भडकूच्या अंगात ओतत राहायचं. आणि भडकूनं दुसऱ्या हुंगण्यापर्यंत त्याला बोटही लावायचं नाही.

“मग तोवर मी करू काय?” मास्तरांनी विचारलं. “दर खेपेला काहीतरी बटण दाबावंच लागतं.”

“टाळ्यांचं बटण आहे ना? टाळ्या वाजवा.”

“टाळ्या?”

“त्यानं सगळ्यांना हुरूप येतो. खरंच येतो, तिथं लिहिलंय.”

पहिल्या डावात भडकू मागच्या दोन पायांवर उभा राहिला आणि टाळ्या पिटू लागला. आगीचा कोल्हा, ज्याच्या नावानं रानं थरथरायची, तो एखाद्या वाढदिवसाला आल्यासारखा टाळ्या पिटत होता. मास्तरांचा अंगठा शिवशिवत होता. आळंबी बळ ओतत होती, भडकूचं अंग फुलून लाल झालं होतं. काटेरावानं नाक उचललं, पहिल्यांदा हुंगलं, आणि मास्तरांचा अंगठा गेलाच. भडकू शेपटीकडून न जाता थेट पाठीवर आदळला. आडवा.

“पहिल्याला कशाला मारलंत?” सासूबाई कडाडल्या. “दुसऱ्याला ठरलं होतं ना?”

“चुकलं,” मास्तर म्हणाले. आणि गंमत म्हणजे, नेट स्लो आहे असं या वेळी कुणीच म्हणालं नाही, तर त्यांना हलकंच वाटलं.

दुसऱ्या डावात सगळं जमत आलं होतं. पण मेव्हणीला लॅबमधून फोन आला, कुणाच्या तरी कवळीचा खालचा भाग सापडत नव्हता. ती ‘डाव्या कपाटात, डाव्या’ असं ओरडत असताना काटेरावानं कावळ्याला चिरडलं. डाव उधळला. बाहेर उन्हं उतरायला लागली होती. कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघायचं नाही, असं चौघांनीही न बोलता ठरवलं होतं.

तिसरा डाव. मेव्हणीनं फोन उशीखाली कोंबला. कासव पुढं सरसावलं, कावळ्यानं किरकिर लावली. टाळ्या. बळ. टाळ्या. बळ. भडकू आता इतका पेटला होता, की गुहेच्या भिंती नारिंगी दिसत होत्या. काटेरावानं पहिल्यांदा हुंगलं. मास्तर हलले नाहीत. शेपटीचे काटे पडले. त्यानं दुसऱ्यांदा हुंगलं. पाठ गुळगुळीत झाली.

मास्तर तरीही हलले नाहीत. मघाच्या चुकीनं त्यांनी असा धसका घेतला होता, की हे दुसरंच ना, याची त्यांना खात्री पटेना. उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला गेला. एक क्षण, दुसरा क्षण. ढालीची पहिली कड चमकायला लागली.

“अरे मार ना!” सासूबाई ओरडल्या. “बघतोस काय!”

भडकू उडाला. पडदा पांढरा झाला, मग लाल. धूर विरला तेव्हा काटेराव डुगडुगत उभा होता, जीव नखाएवढा उरलेला, आणि ढाल जवळपास वर आलेली. भडकूची दमछाक झाली होती, कासव ढेपाळलं होतं, कावळा उडतच नव्हता. आणि जिनं आजवर कुणालाही मारलं नव्हतं, ती सासूबाईंची आळंबी दुडूदुडू धावत गेली आणि तिनं काटेरावाच्या नाकावर एक चापट ठेवून दिली. अगदी मऊ चापट. ताजे काटे सपकन तिच्या अंगात घुसले आणि ती उताणी पडली. तिच्या पाठोपाठ, गुहेचं छत खाली येईल एवढा आवाज करत, काटेरावही पडला.



“आई, तू मेलीस,” मेव्हणी म्हणाली.

“हो गं,” सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या गालांवर लाली चढली होती. “राहवलंच नाही.”

मग सगळे एकदमच बोलू लागले. त्या गडबडीत चौघांच्या पडद्यांवर प्रश्न आला, की पकडायचं की सोडायचं. मेव्हणीनं पकडलं, बायकोनं पकडलं, मास्तरांनी पकडलं. सासूबाईंनी चष्मा कपाळावर सारला, काटेरावाकडे थोडा वेळ पाहिलं आणि ‘सोडा’ दाबलं.

“आई, अगं काय केलंस?” बायकोनं कपाळाला हात लावला. “सगळा महिना त्याच्यासाठी घालवला आपण.”

“एवढं मोठं जनावर. माझ्या आळंबीला नसतं झेपलं.” त्या उठून सोफ्याच्या या टोकाला आल्या आणि मास्तरांच्या शेजारी टेकल्या. “तुझ्याकडचा दाखव की. जवळून कसा दिसतो, बघू.”

बायकोनं बहिणीकडे पाहिलं. मास्तरांनी गेम मधोमध धरला आणि पकडलेले प्राणी ठेवायच्या तंबूची चेन उघडायचं बटण दाबलं. आत शेकोटीशेजारी काटेराव मुटकुळं करून पडला होता. काटे सगळे मिटलेले, नाकपुडी मधूनच हलत होती. भडकू हातभर अंतर राखून त्याच्याकडे संशयानं बघत बसला होता.

“झोपलाय,” सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या. “आवाज कमी कर जरा.”

मास्तरांनी आवाज कमी केला.