सोनेरी नळाचं बक्षीस

हार्टिगन नवरा-बायको गाडी निम्मी-निम्मी चालवत. म्हणजे मर्व तसं सांगे. कॅरॅव्हॅन क्लबात कुणी विचारलं, की तो बिअरचा डबा गुडघ्यावर टेकवून म्हणे, "आमच्यात समान वाटणी. सोपं ते नोलीनकडे, अवघड ते माझ्याकडे."

सोपं म्हणजे ऑस्ट्रेलियातलं नलारबोरचं ओसाड मैदान. सकाळी निघायचं, डोळ्यांसमोर दोरी ताणल्यासारखा रस्ता, दोन्हीकडे खुरटी निळसर झुडपं. मागे जवळजवळ तीन टनांचं चाकांवरचं घर ओढायचं. समोरून तीन-तीन डब्यांचे ट्रक वारा फेकत अंगावर येणार, उन्हं कलली की कांगारू मध्येच उडी घेणार. हे सगळं नोलीन करी. फार वेळ स्टिअरिंगचं चाक धरणं मर्वच्या पाठीला सोसत नसे. बसल्या-बसल्या झोपणं मात्र सोसे. अवघड म्हणजे गावाअलीकडचे शेवटचे दोन किलोमीटर आणि मुक्कामाच्या तळाचं फाटक.

त्यासाठी प्रत्येक गावाच्या अलीकडे रस्त्याला एक थांबा असे. तिथे मर्व उतरे, टायरांना एकेक लाथ मारी, आणि मग उजव्या दारानं चाकामागे जाऊन बसे. नोलीन डावीकडे जाई. हे फक्त आपल्याच घरात चालतं असं तिला पहिल्यांदा वाटलं होतं. मग एकदा तिनं पाहिलं, की थांब्यावर आणखी चार कॅरॅव्हॅन उभ्या आहेत, चारही नवरे टायरांना लाथा मारताहेत आणि चारही बायका चष्मा, हातपिशवी, पाण्याची बाटली सावरत गाडीला वळसा घालताहेत. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. अख्ख्या देशात इतके तपासलेले टायर दुसरीकडे कुठे सापडणार नाहीत.

याबद्दल तिची तक्रार नव्हती. इस्पितळात तिनं आयुष्यभर एक्स-रे काढले होते. माणसाला नेमक्या कोनात उभं करायचं, 'आता हलू नका' म्हणायचं आणि आपण भिंतीआड जायचं. चित्रात आपण नसणं तिच्या अंगवळणी पडलं होतं. तिचं दुखणं वेगळं होतं. तिचं दुखणं होतं नळाचं.

गेल्या महिन्यात एका तळावर मर्व कॅरॅव्हॅन मागे घेत होता आणि ती मागे उभी राहून इशारे करत होती. नळाचा खांब हातभर उरला तेव्हा तिनं दोन्ही हात वर केले आणि "थांब!" म्हणून ओरडली. मर्व त्या वेळी शेजारच्या ट्रेव्हला हात करण्यात गुंतला होता. खांब मुळातून मोडला, पाणी झाडाएवढं उडालं, शेजारच्यांची अंथरुणं भिजली. मर्व उतरला. निवृत्तीआधी तो विमा कंपनीत अपघातांची पाहणी करत असे. गाडीवरचा पोचा बघून चूक कुणाची ते ठरवण्यात त्याची हयात गेली होती. त्यानं उकिडवं बसून पोच्यावरून बोट फिरवलं, मान हलवली आणि सगळ्यांदेखत निकाल दिला, "इशारा उशिरा आला."

खापर नोलीनच्या डोक्यावर फुटलं ते तिथेच चिकटून बसलं. ती बादली घेऊन निघाली, की कुणीतरी ओरडायचं, "नळ सांभाळा रे!" आणि आज मालूरी बेच्या तळावर क्लबाचा वार्षिक मेळावा होता. अध्यक्ष डेस प्रिंगल दरवर्षी गमतीची बक्षिसं वाटायचा. ट्रेव्हच्या बायकोनं, ग्लेनिसनं, नोलीनला फोन करून सावध केलं होतं: डेसनं एक पितळी नळ सोनेरी रंगवून लाकडी ठोकळ्यावर बसवलाय, आणि ठोकळ्यावर तुझं नाव आहे.

"मर्व," नोलीन रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "बक्षीस द्यायच्या आधी तू डेसला सांगशील ना?"

"काय सांगू?"

"की मी थांब म्हणाले होते."

"अगं, गंमत असते ती. हसून घ्यायचं."

"मग तू घे हसून. 'नळ मी पाडला' म्हणून सांग."

मर्वनं पुदिन्याची गोळी तोंडात टाकली. "नोल, मला त्या लोकांत तोंड दाखवायचं असतं. अपघातांतला जाणकार म्हणून बघतात ते माझ्याकडे. तुझं काय! तुला कोण काय म्हणणार?"

"नळवाली म्हणतात."

"प्रेमानं म्हणतात गं."

एवढ्यात थांब्याची जागा आली, आणि दिसलं ते असं, की थांबा शिल्लकच नव्हता. तिथे खडीचा ढीग पडला होता, भोवती नारिंगी शंकू मांडले होते आणि एक रोलर निवांतपणे पुढे-मागे करत होता.

"घे, घे, इथेच कडेला घे!" मर्व ताडकन उठून बसला.

"कडेला चर आहे."

"मग रस्त्यातच उभी कर. किती वेळ लागणार?"

मागच्या ट्रकनं कर्णा वाजवला.

"त्याला काय सांगू?" नोलीननं विचारलं. "टायर बघायचेत म्हणून?"

पुढे एखादा पेट्रोल पंप, एखादी शाळा, निदान एखादं मोठं झाड लागतंय का, हे मर्व मान लांब करून बघत राहिला. काही लागलं नाही. समोर समुद्र होता आणि समुद्राच्या अलीकडे तळाचं फाटक. त्यानं टोपी पुढे ओढली आणि सीटवरून इतका खाली घसरला, की नोलीन एकटीच आली असं बाहेरच्यांना वाटावं.

तळावर पाचची बैठक भरली होती. घडीच्या खुर्च्या नाटकाला मांडाव्यात तशा रांगेनं मांडलेल्या, तोंडं रिकाम्या जागांकडे. येणारी कॅरॅव्हॅन मागे कशी शिरते ते बघायचं, बिअर प्यायची, चीज खायचं आणि मत द्यायचं. गाडीच्या उजव्या खिडकीत नोलीन दिसली तशी कुजबुज थांबली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पुरुषांनी आपापल्या डब्यांवरची अक्षरं वाचायला घेतली.

"काय रे मर्व, आज बाईसाहेब?" डेस ओरडला.

"खांदा धरलाय जरा," मर्व उतरत म्हणाला. "म्हटलं, येऊ दे तिला. मी आहे ना मागे."

आणि तो खरोखरच मागे गेला. अगदी कॅरॅव्हॅनच्या पाठीशी, जिथला माणूस कुठल्याच आरशात दिसत नाही. तिथून तो विमान उतरवत असल्यासारखे हातवारे करू लागला. नोलीनला ऐकू येत होता तो फक्त आवाज: "डावीकडे! अगं तुझ्या डावीकडे नाही, माझ्या!"

ती खाली उतरली. नळाचा खांब, विजेची पेटी, झाडाची खालची फांदी बघून आली. पुन्हा चढली, काच वर केली आणि तळहात चाकाच्या खालच्या टोकाशी ठेवला. तिथून हात ज्या बाजूला जाईल त्या बाजूला कॅरॅव्हॅनची पाठ जाते. एवढंच ध्यानात ठेवायचं असतं, आणि घाई करायची नसते. टेबलाचा खण सरकवावा तशी कॅरॅव्हॅन जागेत गेली.

टाळ्या पडल्या. नोलीन दार उघडून बाहेर आली, तर लोक मर्वच्या पाठीवर थापा मारत होते.

"वा गड्या! काय इशारे दिलेस!"

"एका दमात आणलीस की रे!"

डेस तिच्याकडे वळला. "बघितलंस ना नोलीन? इशारे असे द्यायचे असतात. शिकून घे जरा."

मर्वचा खांदा बरा झाला होता. त्यानं खुर्ची ओढली, डबा फोडला. "गाडी काय, कुणीही चालवेल," तो म्हणाला. "सगळं मागच्या माणसावर असतं."

नोलीननं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं चीजकडे पाहिलं. डेसच्या खुर्चीखाली एक पुठ्ठ्याचा खोका होता आणि त्यातून सोनेरी चोच बाहेर डोकावत होती. शब्द तिच्या ओठांवर आले होते. पण आत्ता बोललं तर नळवाली रडकीही निघाली असं झालं असतं. तिनं जाऊन पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते बघितलं. कुठल्याही तळावर गेलं की आधी व्हॉल्व्ह शोधायचा, ही सवय तिला त्या नळानंच लावली होती.

ती परत येते तोच फाटकातून दुसरी कॅरॅव्हॅन आत आली. चाकावर ग्लेनिस. तिच्या शेजारी ट्रेव्ह चेहऱ्यापुढे नकाशा धरून बसला होता, उलटा. रोलरनं त्यांनाही दगा दिला होता.

"मर्व, ऊठ! तुझंच काम आहे हे," डेस म्हणाला.

मर्वनं जेमतेम शोभण्याइतके आढेवेढे घेतले आणि डबा हातात घेऊनच निघाला.

"मर्व, तिथे नळ आहे," नोलीन म्हणाली.

"दिसतो गं मला नळ!" लोक हसले. मर्व जागेच्या कडेला उभा राहिला आणि मोकळ्या हातानं बोलवू लागला. "ये, ये, ये. अस्सं." तोंड मात्र त्याचं बैठकीकडे होतं. "आता बघा, बाईमाणूस चालवत असलं की आपला आवाज चढू द्यायचा नाही. ये, अजून ये. तिला धीर वाटला पाहिजे. ये, ये, भरपूर जागा आहे..."

कडाड् आवाज झाला. पाण्याचा फवारा उसळला, त्यानं आधी मर्वची टोपी नेली आणि मग फवारा बैठकीवर कोसळला. माणसं डबे सोडून पळाली. चीज ताटासकट वाहत गेलं. त्या पळापळीत एकटी नोलीन चालत होती, कपडे धुण्याच्या खोलीमागच्या व्हॉल्व्हकडे.

व्हॉल्व्ह घट्ट बसलेला होता. तो फिरवून ती परतली तेव्हा पाणी थेंबांवर आलं होतं आणि भांडण भरात.

"तूच म्हणालास ये!" ग्लेनिस खिडकीतून अर्धी बाहेर आली होती. "भरपूर जागा आहे म्हणालास!"

"म्हणालो! म्हणून आंधळ्यासारखं यायचं? आरसे कशाला दिलेत?" मर्वच्या नाकावरून पाणी निथळत होतं. आजूबाजूला सगळा क्लब उभा होता, भिजलेला आणि निकालाची वाट बघणारा. मर्वचा आवाज आपोआप कचेरीतला झाला. "हे बघा, मी जन्मभर हेच काम केलंय. मागे कुणी उभं असो, नसो, हात करो नाही तर नाच करो, त्याला काही किंमत नाही. चाकावर बसलेल्या माणसानं बघायचं असतं. चूक चालवणाऱ्याची. नेहमी. यात वादच नाही!"

"मर्व," नोलीन म्हणाली, "परत सांग ना. मी व्हॉल्व्हपाशी होते, नीट ऐकू आलं नाही."

"काय परत सांगू?"

"चूक कुणाची म्हणालास?"

चालवणाऱ्याची म्हणावं, तर जुना नळ मर्वच्या अंगावर येत होता. इशारे करणाऱ्याची म्हणावं, तर नवा. असं प्रकरण त्याच्या टेबलावर आजवर आलं नव्हतं.

डेसनं डोकं खाजवलं. "थांब गड्या. मग गेल्या महिन्यात चाकावर कोण होतं?"

"तोच होता की!" गाडीच्या आतून ट्रेव्ह म्हणाला. "ही मागे हात वर करून ओरडत होती आणि हा मला हात करत होता."

"आणि हे तू आत्ता सांगतोस?" ग्लेनिस त्याच्यावर उलटली.

"कुणी विचारलं होतं मला?"

"तिथे उतार होता," मर्व पुटपुटला.

"उतार नव्हता," नोलीन म्हणाली. "मी दोन्ही हात वर केले होते."

मर्वनं बुटांकडे पाहिलं. बुटांतून पाणी येत होतं. "हो," तो म्हणाला. "केले होतेस."

हे इतक्या हळू आलं, की फक्त पुढच्यांनाच ऐकू गेलं. पुढच्यांनी ते मागच्यांना सांगितलं.

मग तळाची मालकीणबाई गमबूट घालून आली. तिनं मोडका खांब पाहिला, मग एकेकाचा चेहरा. खांब ती आत्ता बांधून घेईल, पाइप घरात पडलेला आहे. पण नळ नाही, आणि दुकान आता सोमवारीच उघडेल. तोवर या रांगेत कुणालाही पाणी नाही. "कुणाकडे आहे का एखादा नळ?"

सगळे डेसकडे बघू लागले.

डेसनं खुर्चीखालचा भिजका खोका ओढला. त्यानं नळ ठोकळ्यावरून पिळून काढला, आणि ठोकळा, नाव आत येईल असा, कोटाच्या खिशात घातला. "बरा आठवला," तो कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाला. नळ बसला, थेंबभरही गळला नाही. उतरत्या उन्हात तो एखाद्या देवळाच्या कळसासारखा चमकत होता.

पहिलं पाणी भरायला नोलीन किटली घेऊन गेली. वाटेत तिला सगळ्यांनी जागा दिली. "नळ सांभाळा" असं कुणी म्हणालं नाही. पहिल्या पाण्याबरोबर सोनेरी रंगाचे दोन पोपडे किटलीत पडले. तिनं ते पाणी ओतून टाकलं, किटली विसळली आणि पुन्हा नळाखाली धरली.

मर्व शेजारी येऊन उभा राहिला. त्याचा हात हळूहळू वर आला. "अजून थोडं... अजून... बस, बस."

नोलीननं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"हलू नकोस," ती म्हणाली.

मर्वनं दोन्ही हात खिशात घातले. किटली पूर्ण भरल्यावर तिनं नळ बंद केला.