खोलगटातले सात चौकोन

गवतताईने केलेली चूक इतकी साधी होती की ती कुणाच्या बापाच्या लक्षात आली नसती. आली ती नेमकी सासूबाईंच्या, आणि सासूबाईंच्या तावडीतून कुणी सुटल्याचं घरात तरी कुणाला आठवत नाही.

संशोधन केंद्रामागच्या माळावर नऊ वर्षं गवताची मोजणी चालू होती. मीटरभर लांब-रुंद चौकोन, चार कोपऱ्यांना खुंट्या, आत उगवलेली एकेक जात ओळखायची आणि वहीत लिहायची. मोजणीचा आठवडा ठरलेला, आणि त्या आठवड्यात माळाच्या मधल्या खोलगटात हमखास पाणी. तिथल्या सात चौकोनांचे रकाने मोजणीदारांनी दरवर्षी कोरे सोडलेले. चिखलात उतरून जळवा कोण लावून घेणार? वह्या संगणकात चढवताना कोरा रकाना चालेना, म्हणून केंद्रात तात्पुरत्या नोकरीवर असलेल्या गवतताईने तिथे शून्य भरलं. त्याच आकड्यांवर तिने अहवाल लिहिला, की खोलगटात काहीच उगवत नाही. त्यावरून केंद्राच्या साहेबांनी पाणी काढून टाकायला चर खोदायचं ठरवलं. आज दुपारी तीनला बैठक, तीत शेवटची मंजुरी आणि तिची नोकरी कायम; दुसऱ्या दिवशी सकाळी खोदायचं यंत्र.

मोजणीच्या जोडीदाराला ताप आला होता, म्हणून आकडे लिहून घ्यायला तिने सासूबाईंना गळ घातली होती. त्यांचा सारा जन्म गणित शिकवण्यात गेलेला. माळाच्या उंच भागातली मोजणी उरकून दोघी केंद्राच्या खोलीत चहा घेत होत्या. सासूबाईंना रिकामं बसवेना, त्यांनी जुनी वही आणि छापील अहवाल शेजारी शेजारी ठेवले.

“अगं, वहीत इथे काहीच लिहिलेलं नाही आणि तुझ्या कागदावर शून्य आहे. हे कुठून आणलंस?”

तिने संगणकाचं सांगितलं. सासूबाईंनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं.

“शून्य म्हणजे मोजलं आणि काही सापडलं नाही. हे तर कुणी मोजलेलंच नाही. चौथीतल्या मुलाचेही मी यात मार्क कापले असते.”

गवतताईने आजची वही उचलली. घड्याळात अकरा वाजले होते. तिने गमबूट चढवले. सासूबाई चप्पल काठावर ठेवून, साडी खोचून तिच्यामागे पाण्यात शिरल्या. नको म्हणायची सोयच नव्हती.

उंचावर माणसाच्या कमरेइतकं एकच दांडगं गवत माजलेलं, दुसऱ्या कुणाला ऊन मिळू न देणारं. जमीन चार बोटं उतरली तसं ते पिवळं पडलं, वीतभर उतरल्यावर दिसेनासं झालं. पाण्याने भरलेल्या मातीत त्याच्या मुळांना हवा मिळत नव्हती. आणि तो पैलवान आडवा पडल्यावर त्याच्या जागी कोण कोण येऊन बसलं होतं! लव्हाळ्याच्याच चार जाती. टाचणीच्या डोक्याएवढ्या पांढऱ्या गोंड्यांची रोपं. पाण्यातच किडे पकडून खाणारी एक जांभळ्या फुलांची नाजूक काडी. तिने एक देठ मोडून पाहिला तर आत पोकळ नळी. वरची हवा खाली मुळांना पोचवायची सोय त्या रोपाने स्वतःच करून ठेवली होती.

तिला हसू आवरेना. ती वाकून जाती सांगत होती, सासूबाई लिहीत होत्या, मधेच “हळू सांग, मी काय यंत्र आहे?” म्हणून दटावत होत्या. पहिल्या चौकोनात बारा, दुसऱ्यात सोळा. सर्वांत खोल चौकोनात एकोणीस, त्यांतल्या दोन जाती तिने जन्मात पाहिल्या नव्हत्या. सासूबाईंच्या पोटरीला जळू लागली, ती त्यांनी चुटकीसरशी उपटून फेकली आणि पुढचा आकडा विचारला.

तीनला पाच मिनिटं कमी असताना दोघी गुडघाभर चिखलानिशी बैठकीच्या खोलीत शिरल्या. टेबलाच्या टोकाला साहेब, हातात पेन, समोर तिचा अहवाल. गवतताईने बसायच्या आत सांगून टाकलं की अहवालातली शून्यं तिने स्वतः भरली आहेत, तिथे कुणी कधी मोजलंच नव्हतं. आज मोजलं, आणि साऱ्या माळावर सर्वांत जास्त जाती पाण्याखालीच निघाल्या. चर खोदला की पाणी जाईल, दांडगं गवत खाली उतरेल आणि या सगळ्या जाती दोन वर्षांत संपतील.

सासूबाईंनी वही साहेबांपुढे सरकवली. साहेबांनी सातही आकडे सावकाश वाचले.

“मग हा अहवाल रद्द होईल,” साहेब म्हणाले. “तुमचं कायम होणंही लांबेल. वर्षभर तरी. कळतंय ना?”

“कळतंय. पण उद्या तुम्ही बघायला या, साहेब. नुसतं ऐकून नाही कळायचं ते.”

सासूबाईंनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला. आयुष्यभर मार्क कापणाऱ्या त्या बाईचे डोळे भरून आले होते, आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग, नऊ वर्षांत त्या टेबलाशी कुणी विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं.

“पाणी किती खोल आहे?”