पाहुण्यांचा कप

"माणसानं जन्माला येऊन एकदा तरी चाकांवरच्या घरात बसून डोंगर बघायला गेलंच पाहिजे," खलीलभाई धनसे यांनी गाडीच्या पायरीवर उभं राहून जाहीर केलं. "त्याशिवाय त्याला दुनिया कळत नाय."

दोह्यातल्या फरीज बिन ओमरान वस्तीच्या त्या गल्लीत हे ऐकायला तिघंच होती: चुलतभाऊ रमीज, रमीजची बायको जिया आणि खलीलभाईंची स्वतःची बायको ताहेरुन्निसा. पैकी रमीजनं या शहरात बरीच वर्षं टॅक्सी चालवली होती.

"भाईजान, कतारात डोंगर कुठं हाय?"

"हाय. पश्चिमेला हाय. झिक्रीत गावापाशी."

"मी गेलोय झिक्रीतला. नाय दिसला."

"टॅक्सीतून दिसत नाय तो," खलीलभाई म्हणाले आणि आत जाऊन त्यांनी चावी फिरवली.

चाकांवरच्या घरानं एकदा खाकरून घेतलं आणि ते गप्प झालं. दुसऱ्या वेळी तर खाकरलंही नाही. शेवटी समोरच्या बेकरीतले चार पठाण तंदूर सोडून आले, रमीजनं 'यल्ला, यल्ला' सुरू केलं, आणि दुनिया कळून घ्यायला निघालेल्या माणसाला पाच जणांनी गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत नेलं. जियानं मागून दुवा म्हटली. ती प्रवासासाठी होती की बॅटरीसाठी, हे तिचं तिलाच ठाऊक.

घर खलीलभाईंचं नव्हतं. ते वॉल्टरसाहेबांचं. मेसईदच्या खतकारखान्यातले हे अमेरिकन इंजिनियर बायकोला घेऊन रजेवर गेले होते, आणि जाताना "गाडी उभी राहिली की बॅटरी बसते, ईदच्या सुट्टीत जरा फिरवून आण," म्हणून चावी स्टोअरकीपर खलीलच्या हातात देऊन गेले होते. बॅटरी त्यांच्या विमानाआधीच बसली होती, पण तो मुद्दा वेगळा.

गाडीत झोपायला पलंग होता, बोटभर उंचीची ज्योत देणारा गॅस होता, बसल्या जागी हात धुता येईल असं बेसिन होतं. आणि कपाटांच्या दारांवर फोटो होते. वॉल्टर नवराबायकोनं असंच एक घर घेऊन त्यांच्या मुलखात पश्चिमेचे डोंगर पालथे घातले होते. बर्फाची शिखरं, पाइनची रानं, रस्त्याच्या मधोमध ठाण मांडलेला रानरेडा, लाकडी व्हरांड्यांची लहानलहान गावं. प्रत्येक फोटोत दोघं, दोघांच्या हातात एकेक मग, आणि दोघंही दात दाखवून हसताहेत.

"ह्यांना दुसरं काय काम नव्हतं?" ताहेरानं विचारलं.

"रिटायर झाल्यावर गेलेली ही पहिल्यांदा. मग इथं बोलावलं परत."

'रिटायर' हा शब्द खलीलभाईंच्या तोंडून निसटला आणि त्यांनी घाईनं गियर बदलला.

कारण गोष्ट अशी होती. खलीलभाईंचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. मॅनेजरनं आणखी दोन वर्षं थांबायला सांगितलं होतं, आणि ईद झाली की हो की नाही ते कळवायचं होतं. हे त्यांनी फोनवर श्रीवर्धनला सांगितलं. पलीकडून ताहेरा पूर्वीसारखं 'तुमची मर्जी' म्हणाली नाही. ती म्हणाली, "माजा व्हिसा काढा. मला बघायचंय."

"काय बघायचंय?"

"तिथं असं काय हाय, ते."

इतकी वर्षं तिला येता आलं नव्हतं. आधी मुलं लहान, मग सासू अंथरुणाला खिळलेली. आता जैद मुंबईला नोकरीत, हनिया लग्न होऊन पनवेलला, आणि सासूबाई गेल्या पावसाळ्यात गेल्या. घरात ताहेरा, एक मांजर आणि खलीलभाईंनी पाठवलेला मोठा फ्रिज एवढीच मंडळी उरली होती. फ्रिजमध्ये ठेवायला काही उरत नव्हतं.

ती आली. पण खलीलभाई राहत कंपनीच्या बॅचलर कॅम्पात, तिथं बाईमाणसाला दारातसुद्धा उभं करत नाहीत. म्हणून ती उतरली रमीजकडे, आणि पंधरवडाभर नवरा रोज मेसईदहून बसनं तिला 'भेटायला' यायचा. बायका आत, पुरुष बाहेर. जिया मधल्या पडद्यातून चहाचा ट्रे पुढे करायची. लग्न ठरायच्या आधी ही दोघं जेवढी बोलली होती, त्याहून थोडंच जास्त बोलणं या पंधरवड्यात झालं असेल.

म्हणून हे घर. त्याला चाकं होती ही दुय्यम बाब.

वाटेत शहानिया गावापाशी रस्ता अडला. शर्यतीच्या उंटांचा तांडा, अंगावर रंगीत झुली, सावकाश रस्ता ओलांडत होता. एक उंट मध्येच थांबला आणि त्यानं खिडकीतून आत पाहिलं.

"तो बघ," खलीलभाई फोटोतल्या रानरेड्याकडे बोट करून म्हणाले, "त्यांना तो, आपल्याला हा."

"हा बरा," ताहेरा म्हणाली. "ह्याचं तोंड तुमच्या फुफीसारखं हाय." आणि ती हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. खलीलभाईंना एकदम आठवलं की ही अशी हसते. विसरले होते असं नाही. पण फोनवर खांदे दिसत नाहीत.

झिक्रीतला खरंच डोंगर होता. वाऱ्यानं खालून कुरतडलेला, अळंबीसारखा, पांढरट दगडाचा. खलीलभाईंनी गाडी त्याच्या सावलीत लावली आणि स्वतःच्या मालकीचा असल्यासारखा हात केला.

ताहेरानं त्याला एक फेरी मारली. फार वेळ लागला नाही.

"हा?"

"हा."

"अवो, आमच्याकडं ह्याला कोणी नावसुदा ठेवलं नसतं. 'त्या धोंड्यापाशी वळा' एवढंच सांगितलं असतं."

"इथं हाच मोठा."

"मग बरोबर हाय." तिनं दगडावर थोपटल्यासारखं केलं. "बिचारा."

जेवण जियानं बांधून दिलं होतं, तांदळाच्या रोट्या आणि कुर्बानीच्या मटणाचं सालन. वॉल्टरसाहेबांच्या भांड्यांना हात लावायचा नाही, म्हणून बाकी संसार खलीलभाईंनी स्वतः आणला होता. त्यांनी पेटी उघडली आणि ओळीनं मांडामांड केली: एक थाळी, एक वाटी, एक चमचा, एक कप, एक टोप, एक उशी, एक चादर.

ताहेरानं पेटीत वाकून पाहिलं. पेटी रिकामी होती.

"बाकीचं?"

"हेच."

आणि मग खलीलभाईंच्या कानशिलांपर्यंत लाली चढली. इथं सांगायला हवं की हा माणूस कारखान्यात ओळखला जायचा तो एका वाक्यासाठी: एक चालू, एक राखीव. पंप असो, झडप असो, चिमटीएवढं वॉशर असो. शेल्फवर जोडीदार नसेल तर खलीलभाई आहे तोही हातचा सोडत नसत. वॉल्टरसाहेबांनाही त्यांनी एकदा एका बोल्टसाठी परत पाठवलं होतं. अशा माणसानं दोघांच्या सहलीला एक उशी आणली होती. विसरून नव्हे. त्यानं आपलं सगळं आणलं होतं.

"कॅम्पात सगळ्यांचं असंच असतं," ते म्हणाले. "किचन सामाईक. दुसरा कप ठेवला की तो दुसऱ्याचा होतो. मग प्रत्येकाचा एकेक. धुवायचा, खोलीत न्यायचा. तुज्या लक्षात येईल, मी..."

"जेवा," ताहेरा म्हणाली. "थाळी एकच लागते."

एका थाळीत जेवायची तर त्यांच्याकडे रीतच होती. त्यामुळे तेवढ्यापुरतं भागलं. पण जेवताना खलीलभाईंच्या लक्षात आलं की आपण थाळीच्या मधोमध हात घालतोय, आणि ती कडेकडेनं खातेय. ते थोडे सरकले. थाळी सरकवून चालत नाही, स्वतःला सरकवावं लागतं, हे त्यांना या वयात त्या धोंड्याच्या सावलीत कळलं.

दुपारी दुखान पाहिलं. दुखान म्हणजे तेलाच्या कंपनीचं गाव, म्हणजे मुख्यतः कुंपण. तिथून खाली उम्म बाबला किनाऱ्यावर जरा खजुराची झाडं होती. गाडी समुद्राकडे तोंड करून उभी केली तेव्हा ऊन पिवळं पडायला लागलं होतं. खलीलभाईंनी इंजिन बंद केलं नाही. पठाण फार लांब राहिले होते.

"अवो," ताहेरा पायरीवर बसत म्हणाली, "सूर्य समुद्रात चाललाय."

चाललाच होता. खलीलभाई बघत राहिले. मेसईदला समुद्र पूर्वेला. इतकी वर्षं त्यांनी सूर्य पाण्यातून वर येताना पाहिला होता, आणि दर वेळी आत कुठंतरी वाटायचं की कोणीतरी चित्र उलटं टांगलंय. श्रीवर्धनला तो पाण्यात जातो.

तिनं गॅसवर टोपात चहा केला. कप काढला, चहा ओतला, आणि रीतीप्रमाणे तो आधी नवऱ्याला दिला. निळ्या पट्ट्याचा जाड कप, एकुलता एक. टोपावर झाकण ठेवून ती बाजूला बसली.

खलीलभाईंनी घोट घेतला नाही. कप हातात धरून बसले.

"बघितलंस सगळं?"

"बघितलं."

"मग? काय हाय इथं?"

ताहेरानं जरा विचार केला. "वाईट नाय. सगळं तुमच्या हाताखालचं हाय. कुठला रस्ता, कुठलं वळण, तुमाला विचारावं नाय लागत कोणाला." मग हलकेच म्हणाली, "घरी तुमी डबा शोधत फिरता. साखरेचा."

हे खरं होतं. खलीलभाईंना कारखान्यातल्या हजार शेल्फांवरचा माल डोळे मिटून सांगता आला असता. स्वतःच्या स्वयंपाकघरात ते रजेचा पहिला आठवडा 'अगं, ते कुठं असतं?' करत काढायचे. आठवड्यानं सापडायला लागायचं, आणि पुढच्या वर्षी तिनं डबे हलवलेले असायचे. दर वेळी कॉन्ट्रॅक्टवर पुन्हा सही व्हायची ती पैशापेक्षा या डब्यांच्या भीतीनंच जास्त. पण असल्या गोष्टी मॅनेजरला सांगता येत नाहीत, आणि बायकोला तर मुळीच नाही.

"ताहेरा, घरी तू मला कुठल्या कपात चहा देतेस?"

"सोनेरी काठाच्या."

"तो पाहुण्यांचा ना?"

"मग काय फुटक्यात देऊ? वर्षाकाठी माणूस येतो."

"आणि तू?"

"माजा हाय एक. कान तुटलेला."

"तसला अजून हाय का घरात?"

तिनं वळून त्यांच्याकडे पाहिलं. "सासूबाईंचा हाय. टवका उडालाय त्याचा. फेकला नाय मी."

सूर्य अर्धा बुडाला होता. पाण्यावर लाल रस्ता पडला होता, तो सरळ गाडीच्या पुढच्या चाकांपर्यंत येत होता. पाठीमागे कपाटाच्या दारावर वॉल्टर नवराबायको आपापले मग उंचावून हसत होती. खलीलभाई पायरीवरून उठले. सकाळी गल्लीत उभे राहिले होते तसेच उभे राहिले, फक्त आता ऐकायला एकटी तीच होती.

"खलास," ते म्हणाले. "ईद झाली की मॅनेजरला सांगतो. बस झालं. माणसानं जन्माला येऊन एकदा तरी आपल्या स्वतःच्या घरात, टवका उडालेल्या कपात चहा प्यायलाच पाहिजे. त्याशिवाय त्याला..."

"अवो," ताहेरा म्हणाली.

"काय?"

"तो कप आधी रिकामा करा. माजा चहा टोपात गार होतोय."