बंद मशीन, आहे त्या स्थितीत

भाव सांगून झाल्यावर मुलीने ओठ मिटले आणि नजर गवत कापायच्या मशीनच्या पुढच्या चाकावर ठेवली. शेडमध्ये कुणीच बोलेना. कापडाच्या दुकानात नऊ वर्षं गिऱ्हाइकांसमोर उभी राहून ती एवढं नक्की शिकली होती, की आकडा एकदा उच्चारला की त्याच्यामागे दुसरा शब्द पाठवायचा नाही. आधी जो बोलेल त्याला खाली उतरावं लागतं.

मशीन विकायला काढणाऱ्या घरच्या बाईही बोलत नव्हत्या. लाल दोरा बांधलेली किल्ली त्यांनी मुठीत घट्ट धरली होती. दारातून आत घुसलेल्या उन्हाच्या तिरिपेत धूळ तरंगत होती आणि ती धूळसुद्धा कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत थांबल्यासारखी वाटत होती.

भीती होती ती वडिलांची. ते मशीनशेजारी एक पाय दुमडून बसले होते. दुसरा सरळ पसरलेला, कारण तो गुडघा आता वाकत नव्हता. “तिथे चकार शब्द काढायचा नाही,” असं तिने बसमध्ये दोनदा बजावलं होतं. “मी मुका, झालं?” असं म्हणून ते हसले होते. पण त्यांचा मुकेपणा किती टिकतो हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

वडील शाळेच्या मैदानाची राखण करत. मुलं त्यांना गवतमास्तर म्हणत, कारण नापास झालेल्या कोपऱ्याला ते खरोखरच हातात काडी घेऊन दम भरत. सव्वीस वर्षं ढकलायच्या मशीनमागे चालून त्यांनी ते मैदान असं राखलं होतं, की सकाळच्या दवात त्यावरून एक पक्षी चालत गेला तरी त्याची वाट दिसावी. मग गुडघ्याने दगा दिला. महिन्याभरापूर्वी शाळेचं पत्र आलं: पुढच्या सत्रापासून हे काम ठेकेदाराकडे जाईल, त्याच्याकडे बसून चालवायची मशीनं आहेत. पत्राच्या तळाशी, उपचार म्हणून टाकावं तसं एक वाक्य होतं. आपण स्वतः असं मशीन आणल्यास आपला विचार करता येईल.

नव्या मशीनचं नाव काढायची सोय नव्हती. मुलीने तीन आठवडे जुन्यांचा माग काढला. एकाचा पट्टा विरलेला, दुसऱ्याचा गिअर निसटणारा, तिसऱ्याचा मालकच निसटता. आणि मग ही पाच शब्दांची जाहिरात सापडली: बंद मशीन, आहे त्या स्थितीत. बंद वस्तू भंगाराच्या भावात मिळते. वडील ती घरी उघडून बसतील, चार दिवसांत बोलती करतील. सगळी मदार त्यावर होती.

सुरुवात तर चांगली झाली होती. आल्या आल्या वडिलांनी जमिनीवर आडवं होऊन मशीनच्या पोटाखालून हात फिरवला होता आणि दुसऱ्याच्या वहीतलं सुंदर अक्षर दिसावं तसा त्यांचा चेहरा उजळला होता.

“पाती दोन्ही अंगांनी सारखी घासलीत. आत गवताची एक काडी चिकटलेली नाही. ह्या माणसानं दर खेपेला असं आडवं होऊन आतून खरवडलंय, बाई.”

“तासभर आडवेच असायचे,” बाई म्हणाल्या होत्या. “मी विचारायचे, कापताय की झोपताय?”

मुलीने वडिलांना हळूच कोपर मारलं होतं. कौतुकाने भाव चढतो.

मग बाईंनी दाखवलं होतं. बाजूला उभ्या राहून, स्टिअरिंगवरून वाकून, हात लांब करून त्यांनी किल्ली फिरवली. पुढचे दोन दिवे लागले. इंजिन मात्र ढिम्म.

“चार महिने झाले ते जाऊन. तेव्हापासून रोज एकदा फिरवून बघते. दुकानवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, मेलं असेल, भंगारात द्या.”

दिवे लागले त्या क्षणी वडिलांची भुवई किंचित उचललेली मुलीने पाहिली. त्यांची नजर दिव्यांवरून बाईंच्या वाकलेल्या पाठीकडे गेली आणि तिथून सीटकडे. सीटवर निळा टॉवेल चौकोनी घडी करून ठेवलेला होता. साऱ्या मशीनवर धूळ होती, सीटवर कणभरही नव्हती. वडिलांना काहीतरी कळलं आहे हे तिने ओळखलं. म्हणूनच तर तिने घाईघाईने भाव सांगून टाकला होता.

आणि आता ही शांतता.

“बाई,” वडील म्हणाले, “बॅटरीला चार्जर लावता का?”

मुलीने डोळे मिटून घेतले.

“दर रविवारी लावते. ते लावायचे म्हणून.”

“चांगलं करता.”

“बाबा, बस चुकेल हं आपली.”

“बस दर तासाला आहे,” वडील म्हणाले. त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. “तुम्ही किल्ली नेहमी अशी बाजूला उभं राहूनच फिरवता?”

“मग कशी फिरवायची?”

“सीटवर बसून कधी फिरवली नाहीत?”

बाईंनी टॉवेलकडे पाहिलं. “नाही. ती त्यांची जागा.”

वडिलांनी मान हलवली. मशीनचा आधार घेऊन ते उठले. उठताना गुडघ्यातून कळ गेली, ती त्यांच्या आवळलेल्या ओठांवरच दिसली.

“ह्याच्या सीटखाली स्विच असतो. वर माणूस बसला आणि ब्रेक दाबला, तरच इंजिन फिरतं. मधेच कुणी पडलं तर पात्यांनी इजा होऊ नये म्हणून. मशीनला काही झालेलं नाही, बाई. ठणठणीत आहे. रिकाम्या सीटवर ते चालू होत नाही, एवढंच.”

मुलीला वाटलं, आपल्या हातातली पिशवी एकाएकी जड झाली आहे. तिला वडिलांचा संताप आला. ते सव्वीस वर्षांचं हिरवं मैदान त्यांनी एका वाक्यात देऊन टाकलं होतं. तेही अशा सहजपणे, की जणू कुणी रस्ता विचारला आणि यांनी तो सांगितला.

“तुम्हीच बसून बघा,” बाई पुटपुटल्या.

“तुमचं मशीन आहे. तुम्ही बघा.”

बाई पुढे झाल्या. मग त्यांनी टॉवेल उचलला, घडी न मोडता छातीशी धरला आणि त्या सीटवर टेकल्या. वडिलांनी पेट्रोलचा कॉक उघडला, चोक ओढला, ब्रेक कुठला ते बोटाने दाखवलं. बाईंनी किल्ली फिरवली. दिवे लागले. बाकी काही नाही.

“बघा,” बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जवळजवळ सुटका होती.

“टोकावर नको, बाई. पाहुण्यासारखं काय बसताय? मागे सरका. ऐसपैस.”

बाईंना अचानक हसू फुटलं. “तेही हेच म्हणायचे. ही घरातसुद्धा उठायच्या तयारीत बसते.”

त्या मागे सरकल्या. सीटच्या स्प्रिंगने एक लांब सुस्कारा सोडला. किल्ली फिरली. इंजिन दोनदा खोकलं आणि तिसऱ्यांदा धडधडून उठलं. शेडचे पत्रे थरथरले, वरून धुळीची बारीक सर कोसळली. बाईंनी टॉवेल तोंडावर दाबला. त्या हसत होत्या की दुसरं काही, ते त्या आवाजात कळायला वाव नव्हता.

वडिलांनी घाई केली नाही. ब्रेक सोडायचा कसा, पुढे जायची दांडी कुठली, सगळं ओरडून, पण शांतपणे सांगितलं. मशीन शेडबाहेर पडलं आणि चार महिन्यांच्या गुडघाभर गवतात शिरलं.

“ती पिवळी कळ वर ओढा! हां, आता पाती फिरताहेत. वेग कमी ठेवा, गवत उंच आहे.”

हिरव्या गर्दीतून एक पट्टा उघडत गेला. तो सरळ नव्हता. वडील लंगडत शेजारून चालत होते. त्यांचा हात स्टिअरिंगपासून वीतभर दूर होता, पण एकदाही त्याला लागला नाही.

“वाकडं जातंय हो!” बाई ओरडल्या.

“जाऊ द्या. गवताला चालतं.”

मुलगी शेडच्या दारात उभी राहून बघत होती. राग कधी उतरला ते तिला समजलं नाही. त्या पाठमोऱ्या लंगडत्या माणसाकडे बघताना तिला वाटलं, हा माणूस जिथे उभा राहतो तिथे जमीन आपोआप थोडी सपाट होते. आणि मग हेही लक्षात आलं, की तिने भाव सांगितला होता तो ज्या मशीनचा, ते मशीन आता उरलेलंच नाही.

बाई कुंपणापर्यंत जाऊन परतल्या. इंजिन बंद झालं. ह्या खेपेच्या शांततेला कापलेल्या गवताचा ओला वास होता.

“तुम्हाला आधीच कळलं होतं?” बाईंनी वडिलांना विचारलं.

“दिवे लागले तेव्हा.”

“गप्प राहून नेलं असतंत, तर मला कधी पत्ताही लागला नसता.”

वडील वाकून काहीतरी चाचपत होते. “इथला बोल्ट ढिला झालाय. आवळून घ्या.”

बाईंनी सीटवरूनच वाकून तो बोल्ट पाहिला. मग मुलीकडे वळल्या.

“तू काय भाव म्हणाली होतीस गं?”

मुलीला तो आकडा पाठ होता. तोच पुन्हा उच्चारायचा आणि ओठ मिटायचे, एवढंच करायचं होतं. तिने वडिलांकडे पाहिलं. ते बोल्टवर बोट फिरवत होते. त्यांच्या पाठीत धाक नव्हता, विनवणीही नव्हती. ते तिला काहीही सांगत नव्हते.

“तो बंद मशीनचा भाव होता, काकू,” ती म्हणाली. “चालू मशीनला त्याच्या अडीचपट मिळतील. मी तीन आठवडे हेच बघत हिंडतेय, मला पक्कं माहीत आहे. त्याहून कमी कुणी मागितले तर देऊ नका.” इथे थांबायला हवं होतं. पण शब्द निघत गेले. “आमच्याकडे तेवढे नाहीत. शाळेचं मैदान आहे बाबांचं, आणि त्यांना आता चालवत नाही. म्हणून... असू दे. ते तुम्हाला सांगून काय उपयोग.”

बोल्टवरचं वडिलांचं बोट थांबलं होतं.

बाई खाली उतरल्या. सीटवर त्यांच्या बसण्याचा उथळ खळगा पडला होता, तो हळूहळू भरून वर आला.

“केवढं आहे मैदान?”

“हे असं अकरा वेळा,” वडील म्हणाले.

“आणि ह्याच्यावर बसून किती वेळ लागेल?”

“एक सकाळ.”

“पोटाखालून खरवडायला धरून?”

“नाही, बाई. त्याला आणखी तासभर.”

बाईंनी मान डोलावली. स्टिअरिंगवरून एकदा तळवा फिरवला, टॉवेलची घडी मोडून तो खांद्यावर टाकला.

“मग काकू,” मुलीने हलक्या आवाजात विचारलं, “काय ठरवताय?”

“तू आधी म्हणालीस तोच भाव. बोल्ट आवळून न्या,” बाई म्हणाल्या. स्वतः कापलेल्या त्या वाकड्या पट्ट्यावरून त्या घराकडे चालू लागल्या, दोन्ही हात मोकळे सोडून. लाल दोऱ्याची किल्ली मशीनलाच होती.