साखरेच्या मशीनवर आलेला आळ

८८८

मित्रांनो, तळहातावर मावणारा, पाठीवर ओरखडे पडलेला एक जुना ग्लुकोमीटर आहे मी. बटण दाबलं की माझ्या काचेवर आधी तीन आठ उमटतात. माझी प्रत्येक रेघ पेटते आहे, हे मी असं आधीच दाखवून देतो. मग पट्टी घाला, तिच्या टोकाला रक्ताचा थेंब लावा. पाच सेकंदांत त्या थेंबात किती साखर आहे ते सांगतो. तारीख, वेळ आणि आकडा एवढंच माझ्या स्मरणात राहतं. म्हणून माझी हकिकतही आकड्याआकड्यानेच सांगतो. मध्ये काही गाळलं गेलं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. हातमोजे घातलेल्या एका बाईने मला साखरेच्या पाण्याचा थेंब दिला आणि उत्तर बरोबर आलं तेव्हाच खोक्यात भरलं. पुढे चार महिने औषधाच्या दुकानात काचेमागे पडून होतो. एके दिवशी एक तरुण मुलगी आली.

“बाबांसाठी हवंय. खरं सांगतं ना हे?”

“हे? हे तुमच्या सासऱ्यांनाही घाबरणार नाही,” दुकानदार म्हणाला.

“माझं लग्न झालेलं नाही.”

“मग तर कुणालाच नाही!”

हसत हसत तिने मला पिशवीत टाकलं. इतका मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

एरर

तिचे बाबा शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन, कापड बेतायचं लांब टेबल, खडूचे तुकडे आणि बटणांचे डबे. लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहायची. जाताना तिने बजावलं होतं, “रोज सकाळी उठल्यावर तपासायचं आणि मला फोटो पाठवायचा. मी तो डॉक्टरांना पाठवीन.”

पहिल्या सकाळी मास्तरांनी बोटाला सुई टोचली. रक्त येईना. दुसऱ्या बोटाला टोचली. चाळीस वर्षं सुई हाताळून त्यांच्या बोटांची टोकं चामड्यासारखी झाली होती. जेमतेम एक लाल ठिपका आला, तो मला पुरला नाही.

“ही पिटुकली सुई मला काय टोचणार!” मास्तर फुशारकीने म्हणाले.

“अहो, पोरगी तिकडे फोन धरून बसलीय,” बायको म्हणाली. “मशीन चालतं का ते तरी कळू दे. घ्या माझं बोट.”

१०४

फोटो गेला. लगेच उत्तर आलं, ‘शाब्बास बाबा!!’

मास्तर लाजले. खरंच लाजले. “उद्या माझ्या बोटाचा पाठवू,” असं म्हणत त्यांनी मला पुसलं.

९८
१०१
९५
१०७

उद्या काही उजाडला नाही. रोज सकाळी साबणाच्या वासाचं तेच बोट माझ्यासमोर यायचं.

“रोज माझंच का?”

“तुझं बोट मऊ आहे गं.”

“चाळीस वर्षांत पहिल्यांदा कौतुक केलंत, तेही भोक पाडायला!”

दोघं हसायची. मलाही तेव्हा त्यात वावगं वाटलं नाही. मी सांगत होतो तो प्रत्येक आकडा खरा होता. फक्त तो माणूस दुसरा होता.

२९१

एका रविवारी बायको बहिणीकडे गेली होती. मास्तरांनी कोमट पाण्यात हात बुडवून ठेवले, बोटाच्या कडेला टोचलं आणि टपोरा थेंब काढला. तो पहिल्यांदाच त्यांचा स्वतःचा होता. मी जीव ओतून मोजला.

त्यांनी आकडा बघितला. मला झटकलं, काच बाहीने पुसली, पुन्हा बघितलं. मग मला बंद करून खणात टाकलं आणि लेकीला कळवलं, ‘आज पट्ट्या संपल्या.’ पट्ट्या तेवीस शिल्लक होत्या. नंतर त्यांनी बटणांच्या डब्यातून बिस्किटं काढली. तळाशी बटणं, वर बिस्किटं.

खरं बोललो त्या दिवशीच मी नकोसा झालो.

१०२
९९
१०३

याच दिवसांत मास्तरांनी एका गिऱ्हाइकाचा काळा कोट गडद निळ्या दोऱ्याने शिवला. गिऱ्हाईक कोट घेऊन परत आलं. मास्तरांनी आधी दिव्याला दोष दिला, मग चष्म्याला. त्यानंतर कुणाची पाळी येणार, हे मला कळायला हवं होतं.

१०.२

हा आकडा माझा नाही. तीन महिने झाल्यावर लेक सुट्टी घेऊन आली आणि तिने दंडातून रक्त काढून होते ती लांब पल्ल्याची तपासणी करवली. रिपोर्ट घेऊन तिघं डॉक्टरांकडे गेली. मी लेकीच्या पिशवीत होतो.

“पण डॉक्टर, तपासणीआधी चार दिवस बाबांनी साखर तोंडात घातली नव्हती,” लेक म्हणाली.

“चार दिवसांच्या शहाणपणाने ही तपासणी फसत नाही. रक्तातल्या लाल पेशी तीनेक महिने जगतात. रक्तात साखर जितकी जास्त, तितकी ती या पेशींना चिकटते, आणि चिकटली की पेशी मरेपर्यंत सुटत नाही. शंभरात किती ठिकाणी चिकटलीय, ते हा आकडा सांगतो. मधुमेह नसेल तर पाच-साडेपाच. मास्तरांचा सातच्या आसपास आला असता तर मी खूश झालो असतो. दहाच्या वर म्हणजे तीन महिन्यांची सरासरी अडीचशेच्या घरात.”

“आणि घरचे आकडे?”

“ते त्या त्या क्षणाचे. मास्तर, एका मनगटाचं माप घेऊन तुम्ही अख्खा कोट बेतता का? जेवणानंतर साखर चढत असेल, मान्य. पण रोज सकाळी शंभर आणि सरासरी अडीचशे, एवढी तफावत पडत नाही. त्या फोटोंवर विसंबून मी गोळी वाढवली नाही. इकडे डोळे तपासले तर पडद्याला सूज आलीय. आणखी उशीर केला तर नजर जाईल. आता नीट सांगा, चुकतंय कुठे?”

मास्तर टेबलाकडे बघत म्हणाले, “मशीनच बिघडलंय. मला पहिल्यापासून शंका होती.”

मित्रांनो, दोनशे एक्क्याण्णव माझ्या पोटात होता. एक बटण दाबलं असतं तरी मी दाखवला असता. कुणी दाबलं नाही.

९६

घरी आल्यावर लेकीने मला कापडाच्या टेबलावर ठेवलं आणि आधी स्वतःचं बोट टोचलं.

२७१

मग बाबांचे हात कोमट पाण्याने धुऊन त्यांचं टोचलं.

“बघ!” मास्तर जवळजवळ आनंदाने ओरडले. “पाच मिनिटांत शहाण्णवचे दोनशे एकाहत्तर! म्हटलं नव्हतं?”

तिने त्यांच्यावर विश्वास ठेवला. बाप होता तो तिचा. “मीच फसले. उद्या परत करते,” असं म्हणून ती मला खोक्यात घालू लागली.

“थांब,” आई म्हणाली. तिने दोन्ही पंजे टेबलावर पसरले. प्रत्येक बोटाच्या टोकावर बारीक काळे ठिपके होते. “सगळे फोटो माझ्या बोटाचे आहेत. त्या मशीनला बोल लावू नकोस.”

लेक बराच वेळ फोनवर ते फोटो मागे मागे सरकवत राहिली. एकूण एक तिने जपून ठेवले होते.

“आई, तुझी साखर चांगली आहे गं,” ती शेवटी म्हणाली. “तीन महिने मी तुलाच शाब्बास म्हणत होते.”

“तू खूश व्हायचीस,” मास्तर पुटपुटले.

“तुम्हाला डोळे हवे होते, बाबा, की माझं शाब्बास?”

मास्तर टेबलावरचे खडूचे तुकडे गोळा करू लागले. मला वाटलं, निदान माझी माफी मागतील. तेही राहिलं.

२४३

डॉक्टरांनी औषध वाढवलं. लेक नोकरीवर परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी स्वतःचं बोट टोचलं आणि आकडा जसाच्या तसा पाठवला.

मित्रांनो, उत्तर येईपर्यंत तुम्हाला एक विनंती करतो. तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल. तो विचारलेल्या थेंबापुरतं सांगतो. त्याला लांब पल्ल्याच्या तपासणीची जोड द्या. दोघांचं जुळलं नाही तर आधी यंत्र फेकू नका, माणसाजवळ बसा. आणि आकडा चढलेला दिसला तरी घरच्यांवर ओरडू नका. शाब्बासकी फक्त चांगल्या आकड्यालाच मिळाली, की माणसं चांगला आकडा कुठूनही आणतात. मी ते पाहिलं आहे.

फोन वाजला. लेकीने दोनच शब्द लिहिले होते, ‘कोणाचं बोट?’

मास्तरांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. काहीतरी लिहिलं, खोडलं. मग नवी पट्टी काढली, दुसरं बोट पुढे केलं आणि आत हाक मारली, “अगं, जरा ये. मी टोचतो, तू फोटो काढ. माझा हात दिसला पाहिजे त्यात.”