ओंडक्यातल्या माश्यांचं कलम

मेलेल्या माश्या पुरायच्या नसतात, डबीत भरून बर्फात ठेवायच्या असतात, हे निकानोरा कानुलला पन्नाशी उलटल्यावर एका सरकारी माणसाकडून कळलं. कळलं ते बरंच झालं म्हणायचं. नाहीतर ती बिचारी जन्मभर पुरतच बसली असती.

झालं होतं ते असं. याशनिक गावाच्या पूर्वेला पूर्वी रान होतं, आता सोया आहे. नजर पोचेल तिथवर सोया. त्या सोयावर एका सकाळी फवारणीचं विमान फिरलं, खाली उतरून, गावाच्या कुंपणाला घासून गेल्यासारखं. दुपारपर्यंत निकानोराच्या परसातल्या माशीघराखालची जमीन मेलेल्या माश्यांनी काळी पडली. माशीघर म्हणजे ताडपत्रांचं छप्पर, आणि त्याखाली तिरप्या लाकडांवर ओळीनं मांडलेले पोकळ ओंडके, दोन्ही तोंडं लाकडी चकतीनं आणि मातीनं लिंपलेले. प्रत्येक ओंडक्याच्या मधोमध एक भोक, आणि त्या भोकात पहाऱ्याला बसलेली एकेक मधमाशी. तिला नांगी नसते. गावात तिला शुनान काब म्हणतात, म्हणजे बाईसाहेब माशी. तेरा ओंडके होते, निकानोराच्या सासूच्या सासूपासून चालत आलेले. त्यातल्या अकरा ओंडक्यांच्या भोकांत त्या दुपारी पहाऱ्याला कोणी उरलं नाही.

बाईसाहेब माशी मेली तर ती झाडूनं लोटायची नाही, तुडवायची तर नाहीच नाही. मध काढताना चुकून एखादी बोटाखाली चिरडली तरी तिला पानात गुंडाळून मूठमाती द्यायची. इथं तर अकरा घरं रिकामी झालेली. निकानोरा आणि तिचा नवरा दमासो, दोघं गुडघ्यांवर बसून अंधार पडेपर्यंत माश्या वेचत राहिले. केळीच्या पानांत बांधल्या, परसातल्या रामोनच्या झाडाखाली पुरल्या. दमासोनं वर मध घातलेला साका ओतला, मक्याचं ते पांढरं पेय, आणि त्याला येत होती तेवढी प्रार्थना म्हटली. एकेक गोष्ट करायची तशीच केली त्यांनी. तिथंच सगळं चुकलं.

आठवडाभरानं पाहणी करणारा साहेब आला. पोरगेलासा होता, तसा वाईट नव्हता, आल्या आल्या पाणी मागून प्यायला. मग म्हणाला, मेलेल्या माश्या दाखवा.

"पुरल्या," निकानोरा म्हणाली.

"पुरल्या म्हणजे?"

"म्हणजे पुरल्या. मेल्यावर काय करतात तुमच्याकडे?"

साहेबाला हसू आवरेना. त्यानं तोंडावर हात धरला, पण खांदे हलत होते ते काय लपतात? मग त्यानं समजावून सांगितलं की नमुना ताजा हवा, बर्फात हवा, सरकारी माणसाच्या देखत उचललेला हवा. नमुना नाही म्हणजे मृत्यू नाही. आणि जाता जाता त्यानं दुसरी गंमत सांगितली. राज्याच्या मधमाशी कायद्यात मधमाशी म्हणजे पेटीतली, नांगीवाली, परदेशातून आणलेली माशी. पेटीवर मालकाचं डागणीचं चिन्ह असलं म्हणजे ती कायद्याची माशी. ओंडक्यातल्या माशीचा त्या कायद्यात उल्लेखच नाही. तेव्हा नमुना असता तरी, दोन्या निकानोरा, या कायद्याखाली तुमचं काही मेलेलंच नाही, असं तो अगदी सभ्यपणे, नावाआधी आदराचं दोन्या लावून म्हणाला.

निकानोराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण माशीघराच्या आसपास आवाज चढवायचा नाही, भांडण करायचं नाही, ही त्या घराची शिस्त. भांडणाऱ्यांच्या घरी बाईसाहेब राहत नाही. मग निकानोरा काय करायची, तोंड मिटून फाटकाबाहेर जायची, रस्ता ओलांडायची, आणि पलीकडच्या वळणावर उभी राहून सोयावाल्यांचा, सरकारचा आणि त्या विमानाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. सगळं गाव ऐकायचं. शेजारच्या बायका म्हणायच्या, गेली बघ निकानोरा रस्त्यावर, आता तासभर तरी येत नाही.

नंतर ती तालुक्याच्या गावी जाऊन आली. वन्यजीव खातं म्हणालं, बाई, ओंडक्यात पाळता ना, मग ते पाळीव जनावर, पशुसंवर्धनाकडे जा. पशुसंवर्धन म्हणालं, पेटी नाही ना, मग ते रानातलं, वन्यजीवकडे जा. दोन्ही कचेऱ्या एकाच इमारतीत, एकाच जिन्यावर. तो जिना तिनं किती वेळा चढ-उतर केला ते तिचे गुडघे सांगतील. हजारो वर्षं या मातीत राहिलेली माशी, जिचा मध बाळंतिणीला चाटवतात, डोळ्यांत घालतात, तिला स्वतःच्या राज्यात ना घर ना दार. आणि कालपरवा आलेली ती चावरी पेटीतली, तिचा मात्र कायदा!

अशात तिची भाची मिनेर्वा बातमी घेऊन आली. मिनेर्वा मधवाल्यांच्या सहकारी संस्थेत कामाला होती, राजधानीत तिचं येणं-जाणं असायचं. कायदा बदलायला काढलाय, ती म्हणाली. आमदार ऑक्ताव्हियो रेहोन यांनी विधेयक हातात घेतलंय. ओंडक्यातल्या माशीचं नाव त्यात यायचंय, आणि नावाहून मोठी गोष्ट म्हणजे एक कलम यायचंय: फवारणी करणाऱ्यानं आधी गावात येऊन सांगायचं, म्हणजे भोकं बंद करून माशी आत ठेवता येईल, आणि न सांगता फवारली तर भरपाई द्यायची. सोयावाले त्या कलमाच्या मागे हात धुऊन लागलेत. विषानं ओंडक्यातली माशी मेल्याचा एकही दाखला नाही, असं ते सांगत फिरतात. आमदारांनी मिनेर्वाला तोंडावर शब्द दिला होता, की एक दाखला आणून द्या, कलम पास करून घेणं माझं काम.

"आत्या, विद्यापीठातली प्रयोगशाळा जुन्या माश्याही तपासते. मातीतल्यासुद्धा," मिनेर्वा म्हणाली, आणि मग तिनं मान खाली घातली.

तिला काय म्हणायचंय ते दोघांनाही कळलं. दमासो उठला आणि मुकाट्यानं फाटकाबाहेर चालू लागला. आयुष्यात पहिल्यांदा तो भांडायला रस्त्यावर गेला होता. निकानोरा त्याच्या मागे गेली.

"मातीला दिलेलं परत काढायचं नसतं, म्हातारे," तो म्हणाला. "दोन ओंडके उरलेत. ते जातील."

"आणि विमान पुन्हा आलं तर राहणारेत का ते?"

"आपल्या हातानं तरी नको."

"मग कोणाच्या हातानं चालेल तुला? त्यांच्या?"

दमासोच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं टोपीनं पुसलं. निकानोराला त्याच्यापेक्षा जास्त भीती वाटत होती, पण तिनं ती दाखवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं रामोनखालची माती हातानं उकरली. कुदळ लावली नाही. केळीची पानं काळी पडून विरली होती, माश्या मातीत मिसळल्या होत्या. तिनं माती झटकून त्या फडक्यात घेतल्या आणि पूर्ण वेळ पुटपुटत राहिली, की थोड्याच दिवसांसाठी नेतेय बायांनो, तुमच्याच पोरीबाळींसाठी नेतेय, परत आणून ठेवते.

महिन्याभरात उरलेल्या दोन ओंडक्यांपैकी एक मुका झाला. विष उरलं होतं म्हणून की उकरलं म्हणून, कोण सांगणार? दमासोनं नुसतं त्या ओंडक्याच्या तोंडाची माती काढली, आत बघितलं, आणि पुन्हा लिंपून टाकलं. तो काही बोलला असता तर निकानोराला सोपं गेलं असतं. ती स्वतःला एवढंच बजावत राहिली, की कलम होणार आहे.

प्रयोगशाळेचा निकाल आला, सोबत उरलेल्या माश्याही परत आल्या. विष सापडलं, सोयावर मारतात तेच. राजधानीत सुनावणी झाली तेव्हा निकानोराला पुढच्या खुर्चीवर बसवलं. भरतकामाचा पांढरा वीपिल, गावाकडचा तो झगा, घालून या, असा खास निरोप होता. आमदार रेहोन कडक इस्त्रीच्या सदऱ्यात उभे राहिले, निकाल वाचून दाखवला, आवाज जड झाला, दोन वेळा थांबावं लागलं. आपल्या आजीकडेही असेच ओंडके होते म्हणाले. मग निकानोराला जवळ घेऊन फोटो. फडक्यातल्या माश्या त्यांनी दोन्ही हातांत घेतल्या, प्रसाद घ्यावा तशा, आणि मतदान होईपर्यंत पुरावा म्हणून सभागृहात ठेवतो म्हणाले. निकानोरानं विश्वासानं दिल्या. न द्यायला तिला काही कारण दिसलं नाही.

मतदानाच्या दिवशी ती आणि मिनेर्वा पहाटेच्या बसनं गेल्या. दमासो ओंडक्यापाशी थांबला. वरच्या गॅलरीत बसून त्यांनी सगळं ऐकलं. पहिल्याच कलमात बाईसाहेब माशीचं नाव आलं. राज्याचा जिवंत वारसा, पूर्वजांची देणगी, असं बरंच काही. खाली टाळ्या, वर टाळ्या. मिनेर्वानं आत्याचा हात घट्ट दाबला.

मग फवारणीचं कलम आलं. फवारणी करणाऱ्यानं, शक्य असेल तेव्हा, कळवावं. भरपाईचं वाक्य नव्हतंच. मिनेर्वानं हातातल्या जुन्या मसुद्यावर बोट ठेवलं, खालचं वाचन ऐकलं, पुन्हा बोट ठेवलं. पुढचं कलम त्याहून वरचढ निघालं. आता ओंडक्यातली माशीही कायद्याची माशी झाली, सबब पेट्यांचे सगळे नियम तिलाही लागू. प्रत्येक ओंडक्यावर तापल्या लोखंडानं मालकाचं चिन्ह डागायचं, न डागलेला ओंडका बेवारस धरला जाईल. आत मेण, आत पिल्लं, आणि वरून तापलं लोखंड! हे ज्यानं लिहिलं त्यानं जन्मात कधी ओंडका पाहिला होता का, आणि ज्याच्या आजीकडे ओंडके होते त्यानं हात वर करताना निदान खाली तरी बघितलं का? नाही बघितलं. सगळ्यांनी हात वर केले, विधेयक एकमतानं पास झालं. सगळे नियम बाईसाहेबांच्या गळ्यात आले, संरक्षण तेवढं गळून पडलं.

निकानोरा गॅलरीतून उठली आणि जिना उतरून दालनात आली. तिथं दाराशीच काचेची एक पेटी मांडली होती, आत दिवा लावलेला, खाली पांढरं रेशमी कापड. कापडावर तिच्या माश्या होत्या. धुऊन-पुसून, रांगेत लावून ठेवल्या होत्या. शेजारी तिचा आणि आमदारांचा फोटो, आणि पितळी पट्टीवर कोरलेलं: आपला वारसा. शाळेतल्या पोरांना दाखवायला आणणार होते म्हणे.

आमदार रेहोन लोकांच्या गराड्यात बाहेर आले आणि तिला पाहून हात पसरून पुढे झाले.

"अभिनंदन, दोन्या निकानोरा. तुमची माशी कायद्यात आली."

"भरपाई कुठं गेली?"

"हळूहळू. एका वेळी सगळं मागून चालत नाही. पुढच्या खेपेला बघू."

"माझ्याकडे एकच ओंडका उरलाय," निकानोरा म्हणाली. "पुढची खेप तुमची असेल, बाईसाहेबांची नाही. माझ्या माश्या परत द्या."

आमदारांनी आजूबाजूला बघत तिच्या खांद्यावर हात ठेवला. हा माश्यांचा सन्मान आहे, ते म्हणाले, आता त्या सगळ्या राज्याच्या झाल्या. निकानोरानं तो हात खांद्यावरून काढला आणि काचेच्या पेटीचं झाकण उचललं. पहारेकरी धावला. त्यानं आमदारांकडे पाहिलं. फोटोवाले पाहत होते, म्हणून आमदारांनी मानेनं राहू दे म्हटलं. निकानोरा एकेक माशी उचलून फडक्यात ठेवत होती, बोटाखाली एकही चिरडू नये म्हणून सावकाश, आणि मिनेर्वा फडक्याची टोकं धरून रडत होती. पितळी पट्टीला आणि फोटोला निकानोरानं हात लावला नाही.

तिनं गाठ मारली तेव्हा आमदार पहारेकऱ्याशी हलक्या आवाजात बोलत होते. हलक्या आवाजात, पण दालन मोठं आणि गप्प होतं.

"असू दे. उद्या दुसऱ्या आणून ठेवा. मेलेल्या माश्यांना काय तोटा आहे इथं?"

निकानोरा वळली. ती आता माशीघरात नव्हती, पण माश्या तिच्या छातीशी बांधलेल्या होत्या, म्हणून तिनं आवाज चढवला नाही.

"नाही पडायचा तोटा," ती म्हणाली. "तुम्ही निवडून येताय तोवर नाही पडायचा."

आमदार हसले, कारण फोटोवाले अजून गेले नव्हते.