हुकूमदार

डॉ. दिगंबर सरांना हजार वर्षांपेक्षा कमी जुनं काही खपत नसे. शनिवार पेठेतल्या त्यांच्या इतिहास मंडळानं खिंडवाडीच्या खिंडाईची जत्रा 'शोधून काढली', तेव्हा सत्यशीलाबाईंना हसू आलं. खडकीपलीकडची ही वाडी म्हणजे त्यांचं माहेर. जत्रा हरवली होती कधी, तेच त्यांना आठवेना.

या जत्रेत एक गंमत असते. पालखी देवळाबाहेरच्या दोन दगडी खांबांशी आली की एक जण पुढं होऊन ओरडतो, "हुकूमदार?" अख्खी वाडी एका दमात उत्तर देते, "फरेंड!" मगच पालखी आत जाते. सरांनी यावर नऊ पानी लेख पाडला. हुकूमदार हे म्हणे देवीचं मध्ययुगीन बिरुद, आणि फरेंड म्हणजे संस्कृत फलेंद्र, फळांचा स्वामी. आता हेच काळ्या दगडावर कोरून खांबाशेजारी बसवायचं ठरलं होतं.

लेख वाचून बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षं त्यांनी कर्वेनगरच्या शाळेत पेपर तपासले होते. इतक्या आत्मविश्वासानं ठोकून दिलेलं उत्तर एकाही कार्ट्यानं लिहिलं नव्हतं.

खरी गोष्ट वाडीतल्या म्हाताऱ्यांना पाठ होती. दुसऱ्या महायुद्धात माळावर रंगरुटांची छावणी पडली. शेतं गोळीबाराच्या सरावाला, चांदमारीखाली गेली, पाणवठ्याची वाट बंद झाली, देऊळ तारेच्या कुंपणात अडकलं. ज्यांची शेतं गेली तेच छावणीला अंडी विकू लागले, आणि वर साहेबाची कृपा म्हणू लागले. ते दोन खांब म्हणजे छावणीचं फाटक. पहारेकरी 'हू कम्स देअर' असं दरडावायचा. वाडीला ते 'हुकूमदार' ऐकू यायचं. उत्तर 'फ्रेंड' असं द्यायचं असतं, हे वाडीला सांगायची तसदी मात्र कुणी घेतली नव्हती.

त्रेचाळीसच्या चैत्री पौर्णिमेला बाईंचे आजोबा हिंमतराव पहाटे नैवेद्य घेऊन निघाले. फाटकातून तीनदा विचारणा झाली. हा कुणा साहेबाचं नाव घेतोय असं वाटून आजोबा ताट उंच धरून तसेच पुढं गेले. गोळी झाडणाराही शिकाऊच होता, एकोणीस वर्षांचा.

तेरावा झाला आणि आजीनं वाडीतली सगळी पोरं अंगणात बसवून तो एक शब्द घोकून घेतला. पुढं छावणी उठली, तारा भंगारात गेल्या. शब्द राहिला, आणि त्याची झाली परंपरा.

बाई सरांना जाऊन भेटल्या. दगडावर आजोबांचं नाव यावं, एवढंच मागितलं. सरांनी गोड हसून कागदोपत्री पुरावा मागितला. ठार मारल्याची पावती देण्याची पद्धत तेव्हा नव्हती, असं सांगून बाई उठल्या. वाडीचा पुढारी उत्तरेश्वर तर त्याहून शहाणा निघाला. "बाई, हजार वर्सांची परंपरा हाय म्हनत्यात, तर आसू द्या की," तो म्हणाला. "गोळी खाल्ल्याचं काय दगडावर लिवायचं?" लाज वाटायला याला आजोबांचं मरणच सापडलं.

अनावरणाच्या दिवशी मांडव पडला, माइक लागला. सर फेटा बांधून, हातात कात्री घेऊन दगडाकडं निघाले. खांबांमध्ये सत्यशीलाबाई उभ्या होत्या.

"हुकूमदार?" त्यांनी विचारलं.

सर कौतुकानं हसले. विधी सुरू झाला असं वाटून त्यांनी फोटोवाल्याला खूण केली.

"हुकूमदार?"

सरांनी हात जोडले आणि एक पाऊल पुढं टाकलं.

"हुकूमदार?" बाईंचा आवाज चिरकला.

मागं सतरंजीवर बसलेल्या पोरांना राहवलं नाही. सगळी एकदम ओरडली, "फरेंड!"

बाई बाजूला झाल्या आणि त्यांनी सरांना वाट करून दिली.

"या, सर. पोरांनी वाचवलं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "माझ्या आजोबांच्या वेळी पोरांना अजून शिकवलं नव्हतं."